घोडबंदरची वाट आणि एका आईचा प्रवास

ठाण्याच्या माजिवडा नाक्यावरून घोडबंदरच्या दिशेने निघालात, की डाव्या हाताला येऊरचे डोंगर सोबत करू लागतात. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा ही नावे अजून गावांची असली, तरी आता त्यांच्यामागे उंच इमारती आणि रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे आहेत. गायमुखाजवळ उजवीकडे खाडीचे पाणी दिसते, वाट चढणीला लागते आणि पुढे अहमदाबाद महामार्गाला मिळते. सारे अंतर जेमतेम वीस किलोमीटरचे आहे. अरब व्यापाऱ्यांचे घोडे या बंदरात उतरत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. खाडीकाठी पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला आहे. १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, तो मराठ्यांनी घेतला.

आता या वाटेवर घोडे नाहीत, कंटेनर आहेत. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात उतरलेला माल गुजरातकडे आणि उत्तरेकडे न्यायचा, तर कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा, खारेगाव, माजिवडा असे करीत बरीचशी अवजड वाहने याच रस्त्यावर येतात. आपल्या देशात सुमारे सत्तर टक्के माल रस्त्यानेच जातो. परतीचा माल न मिळाल्याने कित्येक गाड्या रिकाम्याच धावतात. गर्दीच्या वेळी त्यांना शहरात बंदी असते. त्या वेशीवर थांबून राहतात आणि बंदी उठली की एकदम सुटतात. त्यांतली एखादी अतिभाराने गायमुखच्या चढणीवर बंद पडली, म्हणजे तिच्यामागे सारा रस्ता थांबतो. मालाला झालेला उशीर कुठेतरी हिशेबात धरला जात असेल. बसमध्ये बसलेल्या माणसांचा वेळ मात्र कुणीच मोजत नाही.

अशाच एका सकाळी मी मीरा रोडला जाणाऱ्या बसमध्ये बसले होते. गायमुखाला बस थांबली ती थांबलीच. पुढच्या आसनावर नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा आईशेजारी बसला होता. आधी तो पुढेमागे डुलू लागला, मग मागच्या ट्रकने कर्कश हॉर्न दिला आणि त्याने दोन्ही कान गच्च दाबून किंचाळायला सुरुवात केली. बसमधून आवाज उठले, ‘गप्प करा हो त्याला’, ‘लाडावून ठेवलंय’. वाचकहो, त्यांतला एक आवाज माझा होता. मी पस्तीस वर्षे शाळेत शिकवले आहे; मुले मला कळतात, असा माझा समज होता.

आईने कुणालाच उत्तर दिले नाही. तिने पिशवीतून कान झाकणारे हेडफोन काढून मुलाच्या कानांवर बसवले, त्याला खिडकीकडे वळवले आणि बाहेरच्या कंटेनरकडे बोट दाखवले. मुलगा हळूहळू त्यावरची अक्षरे वाचू लागला. चार अक्षरे, मग सात आकडे. मग पुढचा कंटेनर. किंचाळणे थांबले.

बऱ्याच वेळाने ती माझ्याकडे वळून म्हणाली, “काकू, उशिराचा त्याला राग नाही. थेरपी साडेअकराला असते, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. साडेअकरा वाजले आणि आपण अजून बसमध्ये, हे त्याला सोसत नाही.”

त्या मुलाला स्वमग्नता होती, म्हणजे ऑटिझम. आपल्याला जो आवाज नुसता त्रासदायक वाटतो, तो अशा मुलांपैकी अनेकांना वेदनेसारखा भासतो. ठरलेला क्रम मोडला की त्यांच्या पायाखालची जमीन सरकते. तो हट्ट नसतो. असह्य झालेल्या मनाची ती ओरड असते. हट्टी मूल आपल्याकडे कोण पाहते आहे, हे बघत असते. या मुलाने कुणाकडेही पाहिले नव्हते.

आईला दोष देण्याची रीत जुनी आहे. १९४३ मध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी या अवस्थेचे वर्णन केले. त्यानंतर कित्येक वर्षे, आईच्या मायेला ऊब नसल्याने मूल असे होते, असे थोर थोर तज्ज्ञ सांगत राहिले. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी तो समज खोडून काढला. ते स्वतः अशा मुलाचे वडील होते. हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आता सिद्ध झाले आहे. आपल्याकडे दिल्लीत १९९१ मध्ये मेरी बरुआ या आईने ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’चे काम सुरू केले, ते स्वतःच्या मुलासाठी वाट शोधतानाच. घरातल्या बैठकीत मात्र ‘आईनंच मोबाइल दिला’, ‘आईनं नोकरी सोडली नाही’ ही वाक्ये अजून ऐकू येतात आणि ती बहुधा आपल्या वयाच्या माणसांच्या तोंडची असतात.

म्हणून आपल्यासाठी चार गोष्टी. वर्षाचे मूल हाकेला वळून पाहत नसेल, दीड वर्षाचे मूल बोट दाखवून काही मागत नसेल, तर ‘याचा बापही उशिरा बोलला’ म्हणून थांबू नका; बालरोगतज्ज्ञांकडे न्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढून घ्या आणि राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याची चौकशी करा. प्रवासाला निघताना कुठे थांबायचे, किती वेळ लागेल, हे मुलाला चित्रांनी आधी दाखवा आणि त्या क्रमात ‘रस्ता अडला तर’ हेही एक चित्र ठेवा. पाणी, ओळखीचा खाऊ, हेडफोन पिशवीत असू द्या.

चौथी गोष्ट आईसाठी. पुढे ओळख वाढल्यावर मी तिला विचारले, तुला सर्वांत जास्त कशाची गरज आहे? मला वाटले होते, पैसा किंवा चांगली शाळा म्हणेल. ती म्हणाली, “आठवड्यातून दोन तास झोप. आणि त्या वेळी घरात कुणीतरी असं, की ज्याची मला काळजी वाटणार नाही.” ही गोष्ट देण्यासाठी गुडघे धड असावे लागत नाहीत. मुलाचा क्रम शिकून घ्यावा लागतो आणि आपले सल्ले बाजूला ठेवावे लागतात.

दादरीहून या बंदराकडे येणारी सुमारे दीड हजार किलोमीटरची मालगाड्यांची स्वतंत्र लोहमार्गिका आहे. ठाणे ते बोरिवली डोंगराखालच्या बोगद्याचे काम हाती घेतले आहे. माल रुळांवर गेला, तर हा रस्ता मोकळा होईलही. तोवर गायमुखला बस थांबणारच आहे.

हल्ली गुरुवारी दुपारी तो मुलगा माझ्याकडे असतो. आमच्या गॅलरीतून रस्ता दिसतो. तो आकडे वाचतो, मी वहीत लिहून घेते. चौथे अक्षर बहुधा ‘यू’ असते, हे त्याने मला दाखवले. इतकी वर्षे या रस्त्यावर राहूनही मला ते दिसले नव्हते. त्या वेळी त्याची आई झोपलेली असते.