आवाज बंद करून

आईचा व्हिडिओ कॉल आला की मी सगळ्यात आधी आवाज बंद करते. ती कारखान्यातून फोन करते आणि तिच्या पाठीमागं आठ माग चालू असतात. आमच्या इचलकरंजीत आठ मागांच्या पत्र्याच्या शेडलाही कारखानाच म्हणतात. तो खडखडाट फोनमधून ऐकला तर कान दुखतात आणि शब्द तर एकही कळत नाही. म्हणून आवाज बंद करायचा आणि आईचे ओठ बघायचे. जेवलीस? पाऊस आहे का? बीम संपत आलाय. मँचेस्टरच्या पिवळ्या ट्राममध्ये, काचेवरून पाणी ओघळत असताना, मी असं कितीतरी बोलणं नुसतं डोळ्यांनी ऐकलं आहे.

ही भाषा मी शाळेच्याही आधी शिकले. आई कांडी भरायची, अण्णा मागावर असायचे. दोघांमध्ये चार मागांचं अंतर आणि तो आवाज. तरी दिवसभर दोघांचं बोलणं चालू असे. ओठ जरा मोठे हलवायचे, भुवई वर न्यायची, दोन बोटं फिरवली की माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलवायचं. बाहेरच्या माणसाला वाटावं, हे नवरा-बायको एकमेकांशी अवाक्षरही बोलत नाहीत.

इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पाठबळावर विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली गावात पहिला यंत्रमाग सुरू केला, ही गोष्ट आमच्याकडं पोरांना तोंडपाठ असते. त्यामुळं मी व्यवस्थापनाच्या पदवीसाठी खऱ्या मँचेस्टरला निघाले तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "आपल्याच गावाला निघालीस की गं." कर्जासाठी कारखान्याची जागा बँकेत तारण ठेवली होती. सह्या करताना अण्णांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि प्रत्येक पानावर तीच सावकाश मराठी सही केली. एक वर्षाच्या शिक्षणासाठी बत्तीस वर्षांचा कारखाना.

तिथं मी लाल विटांच्या एका चाळवजा घरात राहिले. लँकेशायरच्या कामगारांसाठी बांधली जायची तशा घरांची ती रांग, एकाला एक चिकटलेली. डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळायचा. तेव्हा घरी रात्रीचे साडेनऊ झालेले असत आणि दुसरी पाळी चालू असे. विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. मी ते एका सँडविचच्या दुकानात केलं. पाव कापायचे, काकडी चिरायची, फरशी पुसायची. त्या कामाची मला कधी लाज वाटली नाही. त्यात एक गोष्ट मात्र मनात रुतून बसली. माझा पगार दर शुक्रवारी खात्यात जमा व्हायचा. एकदाही शनिवार उजाडला नाही. पहिल्या शुक्रवारी तो संदेश वाचून मी दुकानाच्या मागच्या दारात बराच वेळ उभी राहिले. ठरलेल्या दिवशी पैसे येणं म्हणजे काय, हे मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

मग वर्गात खेळत्या भांडवलाचा धडा आला. प्राध्यापिकेनं फळ्यावर तीन आकडे लिहिले. माल किती दिवस पडून राहतो, गिऱ्हाइकाकडून पैसे किती दिवसांनी येतात, आणि आपण पुरवठादाराला किती दिवसांनी देतो. पहिल्या दोन्हींची बेरीज, त्यातून तिसरा वजा. उत्तर जितकं लहान, तितका धंदा चांगला. उदाहरण एका मोठ्या दुकानसाखळीचं होतं. ती गिऱ्हाइकाकडून रोख घेते आणि पुरवठादाराला तीन महिन्यांनी देते, त्यामुळं तिचं उत्तर शून्याच्याही खाली जातं. "मग या कंपनीला भांडवल कोण पुरवतं?" बाईंनी विचारलं. मागच्या रांगेतून उत्तर आलं, "पुरवठादार. आणि तेही बिनव्याजी." वर्गात कौतुकाचं हसू पसरलं.

मी हात वर केला. सहा महिन्यांत न विचारता वर केलेला तो माझा पहिला हात. म्हटलं, बिनव्याजी नाही. व्याज दुसरं कुणीतरी भरतं. आणि मग मी खर्चीवाल्याची गोष्ट सांगितली. खर्चीवाला म्हणजे स्वतःचं सूत नसलेला मागवाला. व्यापारी त्याला ताण्याचा बीम आणि बाण्याचं सूत देतो, तो कापड विणून देतो आणि पिकाच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, हिशेबानं मजुरी घेतो. कामगाराचा पगार आठवड्याला द्यावा लागतो, विजेचं बिल महिन्याला. व्यापाऱ्याकडून पैसे कधी यायचे त्याची मुदत ठरलेली असते, तिला आम्ही पेमेंट धारा म्हणतो. पण धारा पाळली जातेच असं नाही. मधल्या दिवसांत घर चालतं ते घरातल्या सोन्यावर. मी बारावीत असताना आईचं गंठण पतसंस्थेत होतं. ते व्याज कुठल्याच कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही.

कुणी हसलं नाही. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "नेमके किती दिवस?"

मला सांगता आलं नाही. ज्या धंद्यावर मी वाढले, ज्याला तारण ठेवून त्या बाकावर बसले, त्याचा तो एक आकडा मला माहीत नव्हता. त्या रात्री आईला म्हटलं, हिशेबाची वही कॅमेऱ्यासमोर धर. तिच्या ठसठशीत अक्षरात सगळं होतं. कापड दिल्याची तारीख, मीटर, पीक, दर, रक्कम. पैसे आल्यावर मात्र नुसती लाल बरोबरची खूण. मागून अण्णांचे ओठ हलले: पैसे येतात की गं, तारीख कशाला?

त्याच आठवड्यात मी शहरातल्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात गेले. १८३० साली लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, तिच्या जुन्या स्थानकाच्या जागेवर ते आहे. तिथं जुनी यंत्रं चालवून दाखवतात. माग सुरू झाला आणि मला घर आठवलं, असं लिहिणं सोपं आहे. खरं म्हणजे मला घर आठवलं ते माग थांबल्यावर. दाखवणाऱ्या आजी सांगू लागल्या की इथल्या गिरण्यांतल्या बाया आवाजामुळं ओठांनी बोलायच्या, हातवाऱ्यांनी सांगायच्या. त्या बोलीला इथं मी-मॉइंग म्हणतात. घरी गेल्यावरही त्या बायका ओठ मोठे हलवूनच बोलायच्या. पुढं त्यांनी धोट्याच्या छिद्राला तोंड लावून सुताचं टोक ओढायची रीत करून दाखवली. माझे आजोबा अगदी तसंच करायचे. इतिहासात मी शिकले होते की मँचेस्टरच्या कापडानं आपल्या विणकरांचा घास हिरावला, आणि ते खरंच आहे. पण मागावर उभ्या राहिलेल्या इथल्या बाईच्या फुप्फुसातही तेच सूत गेलं होतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

संग्रहालयातून बाहेर पडले तेव्हा पुढं कुठं जायचं ते ठरलं होतं: इथल्या विणकरांनी एकत्र येऊन काय केलं ते बघायला रॉचडेलला. ट्राम रॉचडेलपर्यंत जाते. तिथं टोड लेनवर ३१ नंबरचं छोटंसं दुकान आहे. २१ डिसेंबर १८४४ रोजी २८ कष्टकऱ्यांनी ते उघडलं, त्यांत विणकर होते. पोटाला चिमटा काढून प्रत्येकानं एकेक पौंड जमवला होता. सुरुवातीला माल काय, तर पीठ, लोणी, साखर, ओटाचं पीठ, थोड्या मेणबत्त्या. सहकाराचा जगभर पसरलेला विचार त्या खोलीतून वाढला. त्यांच्या नियमांत एका सभासदाला एकच मत, भेसळ नाही, आणि आणखी एक होता: व्यवहार रोखीचा, उधारी नाही. त्या ओळीपाशी मी थबकले. उधारीनं माणूस कसा बांधला जातो, हे त्या माणसांना कुठल्याही वर्गात बसण्याआधी कळलं होतं. इचलकरंजीत पहिला माग आला त्याच १९०४ साली आपल्याकडं सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. आईचं गंठण ज्या पतसंस्थेत होतं, तिचं आणि या दुकानाचं नातं सहकाराचं.

प्रबंधासाठी मी उशिरा येणाऱ्या पैशांचाच विषय घेतला. काम सुरू झालं तेव्हा कळलं की उपाय कायद्यात आहे. लघुउद्योगांसाठी २००६ साली झालेल्या कायद्यात खरेदीदारानं ठरलेल्या मुदतीत, आणि करार काहीही असला तरी फार तर ४५ दिवसांत, पैसे द्यायचे आहेत. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. त्यासाठी नोंदणी हवी आणि तारखांचा पुरावा हवा. हे मी अण्णांना उत्साहानं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अर्ज केला तर पुढचा बीम कोण देईल?"

या प्रश्नाचं उत्तर मला त्या महागड्या वर्षात कुणी दिलं नाही, आणि मीही प्रबंधात दिल्याचा आव आणला नाही. एकट्या अण्णांनी बोलायचं नाही, एवढंच मला टोड लेनवर समजलं होतं. म्हणून आईला म्हटलं, तू फक्त तारीख लिही. लाल खुणेच्या शेजारी, पैसे हातात पडले तो दिवस.

सहा महिने तिनं लिहिलं. धारा ३० दिवसांची होती. वहीत सरासरी ५८ निघाली. अण्णा त्या आकड्याकडं बराच वेळ बघत राहिले. त्यांना उशीर माहीत होता, पण तो इतका मोठा असेल असं त्यांनी कधी मनाशीही म्हटलं नव्हतं. मग आईनं ती वही शेजारच्या काकूंना दाखवली. काकूंनी त्यांच्या जावेला.

परवा फोन आला तेव्हा मी नेहमीसारखा आवाज बंद केला. आई हसत होती, आणि तिचे ओठ एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. तिसऱ्यांदा मला तो वाचता आला. अकरा. आमच्या गल्लीतल्या अकरा कारखान्यांच्या वह्यांत आता तो रकाना आहे.