परताव्याचा पैसा कोणाचा?

ठेव आणि उधारी यांतला भेद व्यापारी घराण्यातील मुलाला पेढीवर बसता बसताच कळतो. उधारीची रक्कम धंद्यात फिरवता येते. ठेव मात्र दुसऱ्याची असते आणि मागताक्षणी ती जशीच्या तशी परत करावी लागते. रद्द झालेल्या विमानाच्या तिकिटाचा पैसा मध्यस्थाकडे अडकतो, तेव्हा बहुधा याच भेदाचा विसर पडलेला असतो.

मुळशी तालुक्यातील पौड, पिरंगुट, घोटावडे या भागांतून लोहगावचा विमानतळ पुणे शहराच्या थेट दुसऱ्या बाजूला पडतो. विमान कंपनीच्या खिडकीशी जाऊन तिकीट काढणारा प्रवासी येथे क्वचितच आढळेल. तिकीट निघते ते ओळखीच्या एजंटाकडून किंवा मोबाईलवरील एखाद्या संकेतस्थळावरून. सम्मेद शिखरजीच्या यात्रेला वीस-पंचवीस श्रावक निघाले, तर रांचीपर्यंत किंवा कोलकात्यापर्यंतच्या विमानाचे पैसे एकजण गोळा करतो आणि एजंटाच्या खात्यात एकरकमी भरतो. लहान एजंट बहुधा थेट विमान कंपनीकडून तिकीट घेत नाही. मोठ्या वितरकाकडे त्याची आगाऊ रक्कम जमा असते आणि तिच्यातून तिकिटाचे पैसे वळते होतात. म्हणजे यात्रेकरूचा रुपया कंपनीपर्यंत पोहोचण्यापूर्वी तीन हातांतून गेलेला असतो.

परतीचा रस्ताही तोच. ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात ते परत करावेत, अशी विमान कंपन्यांची रीत आहे. म्हणून उड्डाण रद्द झाल्यावर परतावा प्रवाशाच्या बँक खात्यात न येता आधी वितरकाच्या किंवा एजंटाच्या खात्यात जमा होतो. मग कंपनी म्हणते, आम्ही रक्कम दिली. एजंट म्हणतो, वरून अजून आलेली नाही. दोघांपैकी खरे कोण बोलतो आहे, हे प्रवाशाला घरबसल्या कळत नाही.

या प्रश्नावर नियम मात्र संदिग्ध नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2016 मध्ये परताव्याच्या नियमांत सुधारणा केली. तिच्यानुसार एजंट हा विमान कंपनीने नेमलेला प्रतिनिधी असल्यामुळे, तिकीट त्याच्याकडून घेतलेले असले तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच राहते. त्या वेळी यासाठी 30 कामकाजाच्या दिवसांची मुदत घातली गेली. अशा मुदती पुढे बदलत असतात. म्हणून तक्रार करताना चालू नियम पाहून घ्यावा. रक्कम पुढील प्रवासासाठी कंपनीकडे जमा ठेवायची की रोख परत घ्यायची, हे ठरवण्याचा अधिकारही प्रवाशाचाच आहे. कंपनीने उड्डाण रद्द केले, तर पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा यांतून निवड प्रवाशाने करायची असते.

या नियमांची खरी कसोटी टाळेबंदीत लागली. 25 मार्च 2020 पासून देशांतर्गत विमाने थांबली आणि असंख्य कुटुंबांचे पैसे अडकले. प्रवासी लीगल सेल या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 1 ऑक्टोबर 2020 रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, टाळेबंदीच्या काळात त्याच काळातील प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांची पूर्ण रक्कम कंपन्यांनी परत करावी आणि तिकीट एजंटामार्फत काढलेले असल्यास, एजंटाने ती विनाविलंब प्रवाशाच्या हाती द्यावी. मध्यस्थाचे कर्तव्य इतक्या स्पष्ट शब्दांत सांगावे लागले, यातच पुष्कळ काही आले.

तरीही पैसा सर्वांपर्यंत पोहोचला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यात्रा या संकेतस्थळाविरुद्ध 27 जून 2024 रोजी दिलेला आदेश या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. 2021 मध्ये टाळेबंदीतील 36,276 आरक्षणांचे 26 कोटी 25 लाखांहून अधिक रुपये प्रलंबित होते. पुढे त्यातील बहुतांश रक्कम दिली गेली. परंतु जून 2024 मध्येही 4,837 आरक्षणांचे 2 कोटी 52 लाख रुपये द्यायचे राहिले होते. त्याच सुमारास विमान कंपन्यांकडून संकेतस्थळाला येणे बाकी होते ते केवळ 98 आरक्षणांचे, सुमारे 31 लाख 79 हजार रुपये. ताळेबंद वाचण्याची सवय असलेल्याला या दोन आकड्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. उरलेल्या प्रवाशांना दूरध्वनी करून पैसे पोहोचवण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर पाच स्वतंत्र जागांची व्यवस्था संकेतस्थळाच्या खर्चाने करावी, असेही प्राधिकरणाने फर्मावले. पैसे घेणाऱ्यालाच शोधत जाण्याची ही वेळ आली, कारण चार वर्षांत कित्येकांनी पाठपुरावा सोडून दिला असणार.

जैन वाचकाला या ठिकाणी एका जुन्या शब्दाची आठवण व्हावी. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘न्यासापहार’ सांगितला आहे. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ फार बारकाईने उलगडला आहे. ठेवीचा आकडा विसरलेला माणूस कमी रक्कम मागतो आणि ठेव सांभाळणारा ‘होय, इतकीच’ असे म्हणून मान्यता देतो, तो न्यासापहार. येथे उघड चोरी नाही. दुसऱ्याच्या अज्ञानाचा मूकपणे घेतलेला लाभ आहे. म्हणूनच त्याची गणना चोरीत न होता असत्याच्या अंगाने केलेली दिसते. कंपनीकडून आलेला आकडा प्रवाशाला ठाऊक नाही, एवढ्याच आधारावर एजंट काही रक्कम मागे ठेवत असेल किंवा ती महिना-दोन महिने आपल्या धंद्यात फिरवत असेल, तर त्याला वेगळे नाव देता येणार नाही.

याची दुसरी बाजू प्रवाशाकडे आहे. एजंट पुष्कळदा समाजातलाच असतो, मंदिरात रोज भेटणारा असतो. त्याच्याकडे हिशेब मागणे भिडस्त माणसाला अवघड वाटते आणि ‘जाऊ द्या’ म्हणून विषय मिटवला जातो. वास्तविक पेढीवर भावाभावांतही हिशेब होतो आणि त्यामुळे स्नेह कमी होत नाही, उलट टिकतो. यात्रेसाठी गोळा केलेला पैसा तर कुणा आजीने वर्षभर बाजूला ठेवलेला असतो. तो भिडेपोटी सोडून देण्याचा अधिकार पैसे गोळा करणाऱ्यालाही नसतो.

हिशेब मागताना कागद हाताशी असावेत. तिकिटावरील आरक्षण क्रमांक, भाडे, कर आणि एजंटाचे सेवाशुल्क यांची फोड, पैसे भरल्याची बँकेतील नोंद आणि उड्डाण रद्द झाल्याचा कंपनीचा संदेश एकत्र ठेवावा. प्रथम कंपनीकडून परताव्याची तारीख, रक्कम आणि तो कोणाच्या खात्यात गेला, हे लेखी मागावे. तो कागद एजंटासमोर ठेवला, की बहुतेक वाद तेथेच मिटतात. न मिटल्यास केंद्र सरकारची एअरसेवा आणि ग्राहक हेल्पलाईनचा 1915 हा क्रमांक आहे. त्यापुढे पुणे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे जाण्याची सोय 2019 च्या कायद्याने दिली असल्याने मुळशीकराला कंपनीच्या मुख्यालयामागे धावावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी.

व्यापारी समाजातील अनेक घरे स्वतःच मध्यस्थीवर उभी राहिली आहेत. अडत, दलाली, कमिशन हे व्यवसाय प्रतिष्ठेचे ठरले, कारण शेतकऱ्याचा आणि गिऱ्हाइकाचा पैसा त्या पेढ्यांवर सुरक्षित राहत असे. तिकिटाचा एजंट हा त्याच परंपरेतील नवा अडत्या आहे. कंपनीकडून परतावा जमा झाला, की प्रवाशाने विचारण्यापूर्वीच आकडा आणि तारीख त्याला कळवून रक्कम पोहोचवणे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित आहे. असा एजंट पौडमध्ये असो वा पुण्यात, पुढच्या यात्रेचे पैसे संघ त्याच्याकडेच निर्धास्तपणे सोपवील.