चारखडी

यादी करायला बसले तर पहिली अडचण मराठीचीच आली. ‘नाहीसं झालं’ म्हटलं की वस्तू आपल्या पायांनी निघून गेल्यासारखी वाटते. ‘नाहीसं केलं’ म्हटलं की कोणी, ते सांगावं लागतं. पुढे दोन्ही तऱ्हेच्या गोष्टी आहेत. वेगवेगळ्या लावून पाहिल्या, जमलं नाही. काही दोन्हीकडे बसतात.

वखार. उत्तर ऑन्टॅरिओत, जेम्स उपसागराच्या दक्षिण टोकाशी, मूज नदीत एक बेट आहे. नाव मूज फॅक्टरी. गाव क्री लोकांचं. पहिल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका मुलाने बोटीतून उतरता उतरता विचारलं, कारखाना कुठे आहे? कारखाना कधीच नव्हता. फॅक्टरी म्हणजे वखार; राजापूरला होती, सुरतेला होती, तशीच. हडसन्स बे कंपनीने ती १६७३ मध्ये घातली, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी. राजापूरची वखार महाराजांनी १६६१ मध्येच खणत्या लावून लुटली होती. इथली १६८६ मध्ये फ्रेंचांनी जिंकून घेतली. पुढे कंपनी परतली; फर जात राहिली आणि बंदुका, घोंगड्या, चहा येत राहिला. १९८७ मध्ये कंपनीने उत्तरेकडची दुकानं विकून टाकली, आणि २०२५ च्या जूनमध्ये दक्षिणेतल्या शहरांतली तिची उरलीसुरली दुकानंही बंद झाली. गावाच्या नावात मात्र वखार आहे.

रस्ता. हा नाहीसा झाला नाही, कारण तो नव्हताच. कोक्रेनपर्यंत मोटारीने, तिथून मूसनीपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर रेल्वेने. रूळ १९३२ मध्ये पोचले. पुढे नदी: उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात बर्फावरून गाडी, आणि बर्फ फुटायच्या दिवसांत हेलिकॉप्टर.

उन्हाळा. टोरान्टोजवळचं आमचं चर्च चार उन्हाळे तिथे गेलं. सुटीतली बायबलशाळा, आठवडाभर, अकरा जण. आम्हाला वाटायचं ही आमच्या पाळकांची नवी कल्पना. कल्पना दीडशे वर्षं जुनी निघाली. हिवाळाभर कुटुंबं आपापल्या सापळ्यांच्या रानात पांगलेली असत. बर्फ वितळलं की फर घेऊन वखारीशी येत, आणि मिशनरीला सगळा कळप एकत्र सापडायचा तो तेवढाच. बाप्तिस्मे, लग्नं, सगळं उन्हाळ्यात उरकून घ्यायचं. सरकारही उन्हाळ्यातच आलं: करार क्रमांक नऊवर इथे सह्या झाल्या त्या १९०५ च्या ऑगस्टमध्ये.

मैदानी क्रींच्या पंचांगात जुलैला पिसं गळण्याचा चंद्र म्हणतात. रानहंसांची जुनी पिसं गळून नवी येईपर्यंत त्यांना उडता येत नाही. आम्ही यायचो तो हा महिना. हंसांची शिकार वसंतात आणि शरदात, त्या दोन वेळा साऱ्या गावाच्या जिवाभावाच्या. चार वर्षांत आम्ही एकदाही ती पाहिली नाही.

चार डॉलर. कराराचे सुरुवातीला माणशी आठ डॉलर, मग दरसाल चार. आजही चारच. रोख देतात. चार डॉलरमध्ये बेटावर दुधाची पिशवीसुद्धा येत नाही. ही रक्कम नाहीशी होत नाही, तिची किंमत तेवढी झाली.

व्हॉट चिअर. भेटल्यावर म्हणतात ‘वाच्चिये’. मला वाटलं अस्सल क्री. मुळात सतराव्या शतकातल्या इंग्रज खलाशांचा रामराम: व्हॉट चिअर. इंग्लंडात तो केव्हाच मागे पडला, क्रींनी सांभाळला.

ल. क्री भाषेच्या बोली एका वर्णावरून ओळखतात. ‘मी’ला मैदानात निया म्हणतात, दलदलीच्या मुलखात नीना, आणि मूज फॅक्टरीला नीला. आमच्यात नीला नावाच्या एक बाई होत्याच. त्यांनी ओळख करून दिली की पोरं हसून लोळायची: ‘मी मी आहे.’ ल बोलणारी गावं मोजकी, आणि त्यांतही घरात मुलांशी तो बोलणारी घरं कमी. आपल्याकडे ळ म्हणता न येणाऱ्या नातवंडांच्या आज्या पुष्कळ आहेत, म्हणून हे समजावून सांगत नाही.

सजीव, निर्जीव. क्री व्याकरणात पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही. नामं दोन प्रकारची: सजीव आणि निर्जीव. माणूस, अस्वल सजीव, हे ओघानेच आलं. पण दगड सजीव. किटली सजीव. बर्फावर चालायचे जाळीचे जोडे सजीव, साधे जोडे निर्जीव. रासबेरी सजीव, स्ट्रॉबेरी निर्जीव. का, ते विचारू नये. आपला तांब्या ‘तो’ आणि वाटी ‘ती’ का, याचं उत्तर आपल्याकडे तरी कुठे आहे?

पुस्तक निर्जीव. पाव सजीव. आम्ही खोकी भरभरून पुस्तकं नेली होती. त्यांनी आम्हाला बॅनक खाऊ घातला, तव्यावरची जाड भाकरीच म्हणा. ‘जीवनाची भाकर’ या वचनावर एका सकाळी मी मुलांना पाऊण तास समजावत होते की ही उपमा आहे, भाकर काही खरोखर जिवंत नसते.

शेवाळ. दलदलीतलं शेवाळ वाळवून, निवडून बाळाच्या लंगोटाच्या जागी भरत. पाणी शोषून घेतं, अंगाला मऊ, काम झालं की रानात टाकून द्यायचं. बाळ असं बांधून फळीच्या पाळण्यात, टिकिनागनमध्ये, पाठीवर. आता दुकानातून डायपर येतात, बोटीने किंवा विमानाने, आणि कचऱ्याच्या ढिगावर राहतात. टिकिनागन अजून दिसतं. शेवाळ कमी.

होडी. उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर वास्कागनिशला, म्हणजे जुन्या रुपर्ट हाउसला, क्री कारागीर लाकडी फासळ्यांवर कॅनव्हास ताणून मोठ्या मालवाहू होड्या बांधत. इकडच्या किनाऱ्यापर्यंत त्या वापरात असत.

टॅमरॅकचा हंस. टॅमरॅक झाडाच्या बारीक काटक्या बांधून केलेला. वरून जाणाऱ्या थव्याला भुलवून खाली उतरवायला मांडत. आता आमच्यासारख्यांना विकतात. माझ्याकडे दोन आहेत, टीव्हीशेजारी.

भोकं. बेटावरच्या जुन्या सेंट थॉमस चर्चच्या लाकडी जमिनीला भोकं पाडून त्यांत लाकडी बुचं बसवली होती. वसंतात बर्फ फुटून पूर आला की बुचं काढायची, पाणी आत घ्यायचं. नाहीतर लाकडी चर्च उचलून वाहून जायचं. वेदीवर मूजच्या कातड्याचं वस्त्र, त्यावर मण्यांचं काम. पाणी आत घेतलं तर घर टिकतं, हे ज्याला सुचलं त्याचं नाव कोणी लिहून ठेवलेलं नाही.

अक्षर. इथे थोडं थांबते.

१८४० मध्ये मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउसला जेम्स एव्हान्स नावाच्या मेथडिस्ट मिशनऱ्याने क्रीसाठी लिपी छापली. छापखाना नव्हता. चहाच्या पेट्यांच्या आतला शिशाचा पत्रा वितळवून त्याने खिळे ओतले, काजळी आणि माशाच्या तेलाची शाई केली, फरचे गठ्ठे आवळायच्या दाबयंत्रावर छापलं. एव्हान्सला देवनागरीची माहिती होती आणि तिचा या लिपीवर ठसा आहे असं बरेच अभ्यासक मानतात. लघुलिपीचाही. क्रींच्या तोंडी परंपरेत मात्र गोष्ट वेगळी आहे: कॉलिंग बॅजर नावाचा माणूस मरून आत्म्यांच्या लोकी गेला आणि परत येताना लिपी घेऊन आला. मी ख्रिस्ती बाई, मला पहिली गोष्ट सोयीची. पण दुसरी ऐकल्यापासून पहिली तितक्या ठामपणे सांगवत नाही.

रचना अशी. आपण क लिहितो आणि त्याला काना, वेलांटी, मात्रा लावतो. ते मात्रा लावत नाहीत, अक्षरच फिरवतात. प म्हणजे एक कोन: टोक डावीकडे तर प, वर तर पि, उजवीकडे तर पो, खाली तर पे. अशा नऊ आकृत्या, प्रत्येकीच्या चार दिशा. आपली बाराखडी, त्यांची चारखडी. व्यंजन नुसतं हवं असेल तर आपण अक्षराचा पाय मोडतो. ते अक्षर लहान करून वर चढवतात.

शिकायला सोपी, म्हणून ती मिशनऱ्यांच्या पुढे धावली. सापळ्यांच्या वाटेवर एकाने दुसऱ्याला शिकवली, भूर्जाच्या सालीवर कोळशाने चिठ्ठ्या लिहिल्या. काही ठिकाणी तर पाळक पोचण्याआधीच लोकांना वाचता येत होतं. क्री बायबल १८६१-६२ मध्ये लंडनला छापून झालं. नाव विल्यम मेसनचं. काम त्याची अर्धी क्री बायको सोफिया हिचं, आणि हेन्री बर्ड स्टाइनहावर, जॉन सिंक्लेअर यांचंही.

हॉर्डन. मूज फॅक्टरीला १८५१ मध्ये जॉन हॉर्डन आला, तेविशीचा. त्याने क्री हस्तलिखित छापायला लंडनला पाठवलं. तिकडून छापील पुस्तकांऐवजी छापखानाच आला, सुट्या भागांत. याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. खोलीत कोंडून घेऊन जोडत बसला आणि जमवलं. पुढे नवा करार, क्रीचं व्याकरण. १८७२ मध्ये मूसनीचा पहिला बिशप. १८९३ मध्ये इथेच वारला.

विसाव्या शतकात याच बेटावर निवासी शाळा होती. आईबापांपासून तोडून आणलेली मुलं तिथे ठेवत. देशभरात अशा शाळांतून सुमारे दीड लाख मुलं गेली. केस कापत, आपली भाषा बोललं तर शिक्षा होई, आणि किती तरी मुलं घरी परतलीच नाहीत. बेटावरची शाळा १९७६ मध्ये बंद झाली. तिचं नाव बिशप हॉर्डन हॉल.

हॉर्डनला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं म्हणून सुटता येतं. मी पहिल्या वर्षी सुटले.

सुटताना माझ्या मनात नगर होतं. माझ्या पणजोबांना अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत अक्षर मिळालं. गावच्या शाळेत त्यांना उंबऱ्याबाहेर बसवत. मिशनने आत घेतलं, आणि मराठीतून शिकवलं. म्हणून मिशन म्हटलं की आमच्या घरात आवाज मऊ होतो. बेटावर पहिल्या संध्याकाळी मी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. समोर साठीच्या पुढच्या चौघीजणी बसल्या होत्या. एकीने विचारलं, ‘ते रात्री घरी येत?’

येत. पणजोबा रोज रात्री घरी येत.

माफी. अँग्लिकन चर्चच्या प्रमुखांनी ६ ऑगस्ट १९९३ ला मागितली. पंतप्रधानांनी २००८ मध्ये. पोपनी २०२२ च्या जुलैत, आल्बर्टातल्या मास्क्वासीस या क्री गावी जाऊन. माफीचा कागद कसा जपायचा, याला काही रूढ पद्धत नाही.

आम्ही सोडून आलेलं. फुटबॉल बारा. गोंदाच्या बाटल्या. चमकी, जी अजून त्या सभागृहाच्या फरशीच्या फटींत असेल. गटाच्या नावाचे पिवळे टी-शर्ट. पुठ्ठ्याचे क्रूस. हातवारे करून म्हणायची इंग्रजी गाणी. आणि ‘पुढच्या वर्षी येणार ना?’ याला दिलेली उत्तरं. गटातले निम्मे चेहरे दरसाल नवे असत. तिसऱ्या वर्षी सातआठ वर्षांच्या एका मुलीने आमच्या नव्या मुलांची नावं विचारलीच नाहीत. सगळ्यांनाच ‘तू’ म्हणत राहिली.

२०२१ च्या मे महिन्यात कॅमलूप्सच्या निवासी शाळेच्या आवारातल्या संभाव्य कबरींची बातमी आली. चर्चच्या पायऱ्यांवर लोकांनी लहान मुलांचे जोडे मांडले, आमच्याही. त्यानंतर आमचा उन्हाळी गट निघाला नाही. कोणी बंद केला नाही. सभेत विषयच आला नाही. ‘नाहीसं झालं’ या सदरात टाकते.

गीतपुस्तक. शेवटचं. क्री लिपीतलं, काळं, खिशात मावणारं, कडा बोटांनी गोल झालेल्या. ज्या आजी मला दाखवत होत्या त्यांना सगळं गाव कूकम म्हणे, म्हणजे आजीच. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांच्या वडिलांनी त्यांना लपवून रानातच ठेवलं होतं. म्हणून त्यांना ही लिपी येत होती. शाळेत गेलेल्या धाकट्या बहिणीला येत नव्हती. दोघी शेजारी बसत. एक पुस्तकातून गाई, दुसरी तिच्या ओठांकडे बघून. चाल इतकी संथ की दोन ओळींच्या मध्ये मोटरबोटीचा आवाज येऊन जाई. मला आमचं मराठी गीतपुस्तक ‘उपासना संगीत’ आठवलं, आणि नगरच्या चर्चमधला मागून ओढत येणारा बायकांचा सूर.

शेवटच्या वर्षी कूकम म्हणाल्या, ‘पोरी, तुमची अक्षरं कशी असतात?’ बायबलशाळेच्या हजेरीच्या कागदामागे मी माझं नाव लिहिलं, वर रेघ ओढली. त्यांनी चष्मा लावला. कागद उजवीकडे वळवला. मग उलटा केला. मग डावीकडे. दर वेळी थांबून माझ्याकडे बघायच्या.

‘आता काय झालं?’ त्यांनी विचारलं.

‘काही नाही,’ मी म्हटलं. ‘आमचं फिरवलं तर वाचता येत नाही.’

त्यांनी कागद पुन्हा सरळ केला आणि घडी घालून गीतपुस्तकात ठेवला.