बिनलेबलाचे जग

महाराष्ट्रात ज्याला ‘जार’ म्हणतात, त्याला आम्ही सुरतकर ‘जग’ म्हणतो. गेल्या लग्नसराईत बमरोलीतील एका मांडवात असे पंधरा-वीस जग ओळीने मांडलेले आम्ही पाहिले. ‘बिसलेरी आहे, निर्धास्त प्या,’ असे वऱ्हाडी एकमेकांस सांगत होते. त्या जगांवर ना नाव, ना गाव, ना तारीख. झाकणालाही सील नव्हते. बिसलेरी १९६५ साली मुंबईत आली तेव्हा ती काचेच्या बाटलीतली प्रतिष्ठेची वस्तू होती. विशेषनामाचे सामान्यनाम कसे होते हे शिकविताना आम्ही आता तिचेच उदाहरण देतो.

सीलबंद पाण्याला नियमांचा पहारा आहे. २००१ च्या मार्चपासून त्यावर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. २००३ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेला दिल्ली-मुंबईकडील अनेक बाटल्यांत कीटकनाशकांचे अंश आढळले आणि पुढील वर्षापासून त्यांची मर्यादा कडक झाली. २०२४ च्या ऑक्टोबरात आयएसआयची सक्ती गेली. मात्र नोव्हेंबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे पाणी अतिजोखमीच्या वर्गात घालून कारखान्यांच्या वार्षिक तपासणीची तरतूद केली. उत्पादकाचा पत्ता, बॅच, तारीख आणि चौदा आकडी परवाना क्रमांक लेबलावर असावाच लागतो. पण हा सारा पहारा सीलबंद पाण्यावर. सुट्या गार पाण्याच्या जगाला सीलही नाही आणि लेबलही नाही. मुलांची पोटे बिघडली तर कोणाचा पत्ता शोधावयाचा?

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला असेच जग आले. आम्ही परवाना क्रमांक विचारला. पुरवठादार हसून म्हणाला, ‘साहेब, पाणी ठंडुं छे ने!’ जग परत गेले आणि मुलांनी महापालिकेच्या नळाचे क्लोरिनयुक्त पाणी प्यायले. काही पालक रुसले. पाहुण्यांसमोर नळाचे पाणी ठेवणे त्यांना कमीपणाचे वाटले. यांतील बहुतेक कुटुंबे खानदेशातून आलेली. भुसावळवरून वाहत येणारी तीच तापी येथे नळातून येते, हे आम्ही त्यांना सांगून पाहिले. फारसा उपयोग झाला नाही.

गंमत अशी, की याच बमरोलीत २०१४ पासून सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पुरविले जाते. कापड रंगविणारा पाण्याचा गुण आधी विचारतो. आम्हां माणसांना गारवा पुरतो!

पुढील महिन्यात वसाहतीत सप्ताह आहे. पाण्याची व्यवस्था आम्ही अंगावर घेतली आहे. सीलबंद जग परवडले नाहीत तर माठ मांडू, नळाचे पाणी गाळून भरू आणि वर झाकण व ओगराळे ठेवू, असे मंडळींना सांगितले. पुरवठादार परवाच भेटला. परवान्यासाठी अर्ज केला आहे म्हणतो. क्रमांक घेऊन ये, मग बोलू, असे आम्ही त्याला सांगितले आहे.