माहेरचा माग

सोलापूरच्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू भाषक विणकरांच्या, घरांची वंशावळ झाडासारखी काढता येत नाही. तिच्या फांद्या पुन्हा एकमेकींत शिरतात. मुलगी मामाच्या घरी द्यायची, आतेमामे भावंडांची लग्ने लावायची, ही या समाजातली जुनी रीत. तेलुगूत तिला मेनरिकम् म्हणतात. मामेबहिणीशी लग्न केलेल्याच्या मुलांना पणजोबा-पणज्या मिळून आठ नव्हे, सहाच. सख्ख्या मामाभाचीच्या लग्नात तर एकच जोडपे मुलाला वडिलांकडून आजी-आजोबा आणि आईकडून पणजी-पणजोबा लागते. ते कागदावर दोनदा उतरले, की नसलेले कूळ जन्माला येते. म्हणून प्रत्येक माणसाला एकच क्रमांक द्यावा आणि तो शेवटपर्यंत बदलू नये.

ही घरे करीमनगर, वरंगळ, नलगोंडा अशा निजामाच्या मुलखातून आली. 1860 मध्ये सोलापुरात रेल्वे पोहोचली, 1876 ते 1878 दुष्काळ पडला, आणि 1877 मध्ये ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी सुरू झाली. स्थलांतर करून आलेल्यांची नोंद काही ठिकाणी तयार मिळते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात उतरणाऱ्या जर्मन पुरुषांना 1727 पासून राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. त्या शपथांच्या याद्या आजही वंशशोधकांच्या हाताशी आहेत. पण शपथ सोळा वर्षांवरील पुरुषांची, त्यामुळे तिथेही बायका शोधाव्याच लागतात. सोलापुरात बैलगाडीने किंवा पायी आलेल्या विणकराची तेवढीही यादी नाही. शोध घरातल्या ट्रंकेपासूनच सुरू होतो.

आडनावावर फार विसंबू नये. तेलुगूत इंटिपेरु, म्हणजे घराचे नाव, आधी येते. मराठी शाळेच्या दाखल्यात ते शेवटी जाते आणि मधे वडिलांचे नाव येते. कारकून कानाला लागेल तसे लिहितो, म्हणून एकाच घराचे येमुल आणि यमुल होतात. नातवाला आजोबांचे नाव ठेवायची पद्धतही आहे, त्यामुळे नाव जुळले म्हणून माणूस जुळला असे नाही. गोत्र, गाव आणि पिढी, तिन्ही ताडून पाहावे.

खरी कसोटी नात्याच्या शब्दांची. आजी एखाद्याला ‘बावा’ म्हणते. तो थोरल्या बहिणीचा नवरा असेल, आत्याचा मुलगा असेल, मामाचाही असेल. आणि मेनरिकम् असलेल्या घरात एकाच माणसाशी यातली दोन नातीही असू शकतात. अशा वेळी ‘तो तुमचा कोण?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. ‘त्याच्या आईचं माहेर कुठलं?’ असे विचारावे. लग्नानंतर बाईचे घराचे नाव बदलते आणि कागदावरून तिचे माहेर पुसले जाते, पण अशा समाजात दोन कुळांना जोडणारी तीच असते. तिची ओळ रिकामी ठेवून केलेली वंशावळ निम्मीसुद्धा होत नाही.

या कामात लग्नपत्रिका, म्हणजे तेलुगूतला शुभलेख, फार उपयोगी पडते. मामांची नावे तिच्यात असतात. कन्यादानाच्या संकल्पात पुरोहिताने दोन्हीकडच्या तीन पिढ्या म्हटल्या असतील, तर त्याही लिहून घ्याव्यात. साखर पेठ किंवा कन्ना चौकातले घर सोडून जुळे सोलापुरात फ्लॅट घेताना अशा पत्रिका रद्दीत जातात. सामान बांधायच्या आधीच त्या मागून घ्याव्यात. जनुकीय चाचणीचा आकडा इथे जपून वाचावा. पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्ने झाल्याने दूरचे नातेही चाचणीत जवळचे दिसते. दोन वेगळे पुरावे मिळेपर्यंत चाचणीतून दिसलेला दुवा पेन्सिलीनेच काढावा.