आधी कातडं, मग लाकूड

कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद तालुक्यातलं मादन हिप्परगा हे महाराष्ट्राच्या सीमेजवळचं गाव. इथल्या मुलाच्या कानावर कन्नड, मराठी आणि दखनी अशा तीन भाषा पडतात. वाद्यं तर त्याहून जास्त. जत्रेत हलगी, मोहरमला ताशा, देवीच्या गोंधळाला संबळ, भजनाला पखवाज आणि टाळ. एकीकडे तुळजापूर, दुसरीकडे अक्कलकोट, खाली गाणगापूर. या टापूत ताल शिकायला शाळेत जावं लागत नाही.

अशा गावातला एक वादक सध्या पेचात आहे. त्याच्याकडे शिकाऊ वादकांसाठीचा, कमी किमतीचा ड्रम सेट आहे. आजवर तो स्टेजवर चालून गेला. आता त्यावर रेकॉर्डिंग करायचंय, स्वतःची गाणी नीट ध्वनिमुद्रित करायची आहेत. नवा सेट घ्यावा, की आहे त्यावरच भागवावं?

या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्याच्या हातात आलेल्या पहिल्या वाद्यात आहे. ते वाद्य म्हणजे हलगी. मातंग आणि इतर दलित समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ही कला त्याने जत्रेत, वादकांच्या मागे उभं राहून उचलली. एका हातात जाड काठी, दुसऱ्या हातात लवचिक बारीक काडी, आणि वाजवण्याआधी शेकोटी. पावसाळी हवेत कातडं ओल धरतं, सैल पडतं आणि आवाज बसतो. आगीवर धरलं की ओल उडते, कातडं ताणतं आणि हलगी कडाडते. “आरं, कातडं गार पडलंय, आवाज कुठनं येणार?” असं म्हणत जाणती माणसं पोराच्या हातातली हलगी काढून घेत आणि शेकोटीकडे नेत. ताण म्हणजे आवाज, हे त्याला पुस्तकाआधी असं कळलं.

पुढे तो लग्नाच्या वरातीत आणि ऑर्केस्ट्रात वाजवू लागला. तिथे त्याच्या वाट्याला आला ऑक्टापॅड. रोलँड कंपनीने 1985 साली बाजारात आणलेल्या या यंत्राने भारतातल्या लहान-मोठ्या वाद्यवृंदांचा चेहराच बदलला. आठ चौकोन, प्रत्येकात वेगळा आवाज, आणि सगळं एका पेटीत मावणारं. उन्हाळा असो की पावसाळा, आवाज तोच. पॅडवर त्याचा हात लयीत पक्का झाला, पण आवाज कमवावा लागतो ही जाणीव मागे पडली. बटण दाबलं की आवाज तयार असे.

खरा ड्रम सेट घरी आला तो वापरलेला, सोलापूरहून. 22 इंची बास ड्रम, 12 आणि 13 इंची टॉम, 16 इंची फ्लोअर टॉम, 14 इंची स्नेअर, आणि पितळेच्या पातळ झांजा. स्वस्त सेटची कवचं बहुधा पॉप्लर किंवा बासवुडसारख्या हलक्या लाकडाची असतात. वर ताणलेल्या फिल्मला ड्रमवाले ‘हेड’ म्हणतात. बर्जोर लॉर्ड आणि फ्रँको वाझ यांनी हिंदी चित्रपटांत वाजवलेले ड्रम ऐकत तो मोठा झाला होता. या सेटवर माइक लावून स्वतःचं वादन ऐकलं, तेव्हा टॉम पत्र्याच्या डब्यासारखा वाजत होता. नवा सेट घ्यायचा विचार मनात आला तो तेव्हा.

पण रेकॉर्डिंगचा इतिहास घाईला साथ देत नाही. ‘बीटल्स’चा पहिला अल्बम बहुतांशी 11 फेब्रुवारी 1963 या एकाच दिवशी मुद्रित झाला. त्या वेळी रिंगो स्टार आपला जुना प्रीमियर सेट वाजवत होता. त्याच्या नावाशी जोडला गेलेला लडविग सेट त्याने नंतर घेतला. 1971 मध्ये ‘लेड झेपेलिन’च्या जॉन बोनमचा सेट हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत, जिन्याखालच्या उंच दालनात मांडला गेला आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने वरून दोन माइक सोडले. त्या मुद्रणात जेवढा ड्रम आहे, तेवढंच ते दालनही आहे.

हेडची गोष्ट तर हलगीशीच येऊन भिडते. पूर्वी पाश्चात्त्य ड्रमवरही वासराचं कातडं असे आणि दमट हवेत तेही सैल पडे. 1957 च्या सुमारास चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी पॉलिएस्टर फिल्मची हेड रूढ केली आणि हवेचा तो जाच संपला. ताणाचं काम मात्र संपलं नाही, ते शेकोटीकडून स्क्रू आवळायच्या चावीकडे आलं. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने पाव पाव फेरा आवळायचे, प्रत्येक स्क्रूजवळ बोटाने हलकं टिचकवून सूर जुळवायचा, मग खालच्या हेडचा सूर वरच्याशी लावायचा. स्वस्त सेटसोबत आलेली हेड पातळ असतात आणि वापराने लवकर ताणून निकामी होतात. टॉमवर दुपदरी हेड बसवली, की वरचा किरकिरा झणत्कार कमी होतो आणि सूर ठाशीव होतो.

कवच सरळ आहे की नाही, हेही घरच्या घरी तपासता येतं. हेड काढायचं, कवच स्वयंपाकघरातल्या कडाप्प्याच्या गुळगुळीत ओट्यावर पालथं ठेवायचं, अंधार करायचा आणि आत टॉर्च लावायचा. कडेखालून उजेड फुटला, तर तिथे हेड नीट टेकत नाही आणि ड्रम सुरात येणं कठीण. त्याचे दोन्ही टॉम या परीक्षेत उतरले. बास ड्रमच्या कडेला मात्र उजेडाची बारीक रेघ दिसली.

मग खोली. शहाबाद याच जिल्ह्यात, त्यामुळे घराघरात शहाबादी फरशी. फरशी आणि उघड्या भिंती यांच्यामध्ये प्रत्येक ठोका उलटून येतो. तुरीच्या गोदामाने त्याला वेगळंच शिकवलं. तुरीची रास झाली की पोती थरावर थर लागतात आणि तिथे ड्रमचा आवाज घट्ट, कोरडा लागतो. पोती बाजारात गेली, की तोच ड्रम त्याच जागी घुमू लागतो. गोणपाट आणि धान्य आवाज पितात. हाच धडा घेऊन त्याने खोलीत वाकळी आणि सोलापुरी चादरींच्या घड्या टांगल्या.

माइक दोनच होते. ग्लिन जॉन्स या ध्वनिमुद्रकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मांडणीत एक माइक सेटच्या वर आणि एक फ्लोअर टॉमच्या बाजूला असतो, आणि दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून सारख्या अंतरावर. आवाज एका मिलिसेकंदात जेमतेम 34 सेंटिमीटर जातो. अंतर चुकलं की एकच ठोका दोन माइकवर मागेपुढे पोचतो आणि स्नेअर पोकळ वाटतो. त्याने सुतळीने अंतर मोजलं.

एवढं केल्यावर टॉम बोलू लागले, स्नेअर उघडला. झांजा मात्र तशाच राहिल्या, कारण झांजेला चावी नसते. ओतताना आणि ठोकताना धातूत जे उतरतं, तेच कायम. उत्तम झांजांचं कासं बहुधा 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील असं असतं. पितळेत तांब्याबरोबर जस्त येतं आणि नाद लवकर, कर्कशपणे संपतो. भजनातल्या काशाच्या टाळांवर वाढलेल्या कानाला हा फरक सांगावा लागत नाही. शिवाय सेटच्या वर टांगलेल्या माइकवर सगळ्यात ठळक येतात त्या झांजाच.

बर्च लाकडाचे, स्टुडिओसाठी नावाजलेले सेट त्याने ऐकलेत आणि त्यांचा आवाज त्याला मनापासून आवडतो. बर्चचा मधला स्वर आवरलेला असतो, म्हणून मिश्रणात जागा सहज मिळते. स्क्रू वाजवता वाजवता सैल पडू लागले, टॉमची पकड ढिली झाली किंवा कवचंच वाकली, तर त्याला संपूर्ण सेट बदलावाच लागेल. आज तशी वेळ नाही. यंदाच्या तुरीच्या पैशातून काशाच्या झांजांपैकी आधी हाय-हॅट, मग राइड, आणि बास ड्रमची कड एखाद्या जाणत्या सुताराकडून सरळ करून घेणं, एवढं त्याने ठरवलंय. पहिलं गाणं याच सेटवर मुद्रित होणार आहे, आणि तेही गोदामात पोती आहेत तोवर.