परसातला मांडव

गेल्या वर्षी परसातला तोंडलीचा मांडव मी पाडायला लावला. बांबू कुजले होते हे खरं, पण सासूबाईंना न विचारता पाडला हेही खरंच. त्या काही बोलल्या नाहीत. दुपारचं सामायिक मात्र आत, पंख्याखाली करू लागल्या.

या उन्हाळ्यात नवा घातला. आजकाल त्याला पर्गोला म्हणतात. चार खांब, दोन तुळया, वर पट्ट्या, बस्स. परदेशातला सल्ला असा की पट्ट्या पूर्व-पश्चिम टाका, दक्षिणेचं ऊन अडेल. पण आमच्या सांगलीत मे महिन्यात साडेबाराला सूर्य थेट डोक्यावर असतो; उभ्या पट्ट्या कशाही लावा, फटींतून ऊन येणारच. आम्हाला हवी होती चारच्या सुमाराची सावली. म्हणून पट्ट्या दक्षिणोत्तर घेतल्या, 6 इंच रुंद, कडेवर उभ्या, मध्ये 4 इंचांची फट. पश्चिमेचं तिरपं ऊन पट्टीवरच अडतं. सुतार आधी हसला. उन्हात दोन फळ्या धरून दाखवल्या तेव्हा पटलं त्याला.

दिवा मुद्दाम लावला नाही, पावसाळ्यात खाली किड्यांचा नुसता सडा पडतो. वेलही नको असं माझ्या मनात होतं. पण या वेळी आधी विचारलं.

"एका खांबावर तोंडली चढू दे," त्या म्हणाल्या. "भाजीपुरती."

काल चारला मागच्या दारातून डोकावले, तर मांडवाखाली चटई अंथरलेली. 48 मिनिटं मी आतच थांबले, भांडीसुद्धा घासली नाहीत.